उरलेल्या गोळ्या

दवाखान्यातल्या सिस्टरने तपासणीचा कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज खाली आणला. "ताई, परत तोच संसर्ग आलाय हो."

तिसऱ्यांदा! तिला रडूसुद्धा आलं नाही. रडायलाही अंगात थोडं त्राण लागतं, आणि ती सकाळपासून शाळेच्या गणवेशांच्या चाळीस कॉलर शिवून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

हे दुखणं घरात आणलं नवऱ्याने. लिफ्ट बसवायच्या कामावर दोन महिने परगावी होता, तिथे एका बाईपायी पाय घसरला. आठ महिन्यांपूर्वी सगळं उघडकीला आलं तेव्हा हमसून हमसून रडला, आईची शपथ घेतली. तिने माफ केलं. अगदी मनापासून केलं असं नाही म्हणता येणार, पण केलं. पस्तिशी उलटली होती, मूल हवं होतं, आणि रुसून बसायला वेळ कुणाकडे होता?

"चौदा-चौदा गोळ्या दोघांनी पूर्ण घेतल्या?" सिस्टरने विचारलं.

"घेतल्या की. दिवसाला दोन."

"आणि सात दिवस लांब राहिलात?"

"मधे उशी लावून झोपलो, सिस्टर. भांडलेल्या शाळकरी पोरांसारखे."

सिस्टरला हसू आलं, पण टिकलं नाही. "मग एक तर त्यांनी गोळ्या अर्धवट सोडल्यात, नाहीतर..." तिने पुढचं गिळलं. "हे बघा, तुम्ही एकीकडून फरशी पुसताय आणि दुसरीकडून कुणी चिखलाचे पाय घेऊन येतंय. दर खेपेला आत इजा होते. असंच चाललं तर मूल राहणं अवघड होऊन बसेल. आता तरी जपा." आणि तिने दोन पाकिटं पुढे केली, एक तिचं, एक त्याचं.

घरी येईपर्यंत त्या 'नाहीतर'ने तिचं डोकं पोखरलं. देवा, त्याने गोळ्या सोडलेल्याच असू देत, बाकी काही नको! नवऱ्याच्या हलगर्जीपणासाठी देवाला साकडं घालणारी जगात ती पहिलीच बाई असेल.

चप्पल काढली ती थेट कपाटावरच्या पत्र्याच्या डब्याकडे गेली. नवरा म्हणजे महाचिकट माणूस. त्याच्या हातून काही म्हणून फेकलं जायचं नाही. वाकलेले स्क्रू, जळके फ्यूज, तापाच्या अर्ध्या गोळ्या, तळाला चमचाभर उरलेलं खोकल्याचं औषध, सगळं त्या डब्यात. लग्न झालं तेव्हा तिला याचं किती कौतुक होतं! म्हणायची, संसार जपून करणारा मिळाला.

डब्याच्या तळाशी ती पाकिटं होती. दोन्ही खेपांची. प्रत्येकात आठ-आठ गोळ्या जशाच्या तशा. म्हणजे तीन दिवस घेतल्या आणि थांबला. ती चक्क हसली. मूर्ख आहे, पण नुसताच मूर्ख आहे. छातीवरचा दगड उतरला.

संध्याकाळी तो हातांना ग्रीस माखून आला. तिने पाकिटं समोर धरली. आवाजात रागसुद्धा नव्हता. "अहो, हे काय?"

तो ओशाळला. "अगं, तीन दिवसांत जळजळ थांबली. बरं वाटल्यावर उगाच कशाला पोटात ढकलायच्या? म्हटलं ठेवू, पुढच्या वेळेला कामी येतील."



"कुठल्या पुढच्या वेळेला?" तिने विचारलं.

तो हातावरचं ग्रीस चोळत राहिला. "तसं नाही गं म्हणायचं मला..."

"मग कसं?"

  तिने पर्समधून त्याचं नवं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "या चौदाच्या चौदा घ्या. तुमच्या जिवासाठी सांगते, माझ्यासाठी नको. मला मूल हवंय हो. फार हवंय. पण पुढच्या वेळेची सोय आधीच करून ठेवणाऱ्या माणसाचं नको."

एवढं बोलून तिला आणखी थकवा आला. तिने पलंगावरून आपली उशी घेतली. या खेपेला ती मधे लावली नाही. शिवणयंत्राच्या खोलीत नेली, कापडांचे गठ्ठे बाजूला सारले आणि सतरंजी अंथरली.

तो दारात येऊन उभा राहिला. "सात दिवसच ना?"

तिने आपल्या पाकिटातली पहिली गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली, पेला खाली ठेवला.

"माझ्या औषधाचे सात," ती म्हणाली. "तुमचे दिवस मोजायचं मी सोडलंय. दार लावून घ्या, मला सकाळी कामाला जायचंय."