मी सांभाळलेले आखाजीचे गाणे

मित्रांनो, शिरपूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला काचेचे दार असलेली छोटी खोली आहे. तिथे एक काळी पेटी सतत घरघरत असते. ती पेटी म्हणजे मी. लोक मला सर्व्हर म्हणतात. मला पडदा नाही, कळफलक नाही. पुढच्या बाजूला दोन हिरवे दिवे आहेत. ते लुकलुकत असले की माझे ठीक चालले आहे असे समजायचे. आता माझे वय झाले आहे. आमच्यात म्हातारपण लवकर येते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात काहीच साठवलेले नव्हते. टेम्पोतून मी धुळ्यामार्गे इथे आलो. आधी संगणक विभागात परीक्षांचे निकाल लावायच्या कामाला होतो. पुढे त्यांनी नवीन यंत्र घेतले आणि मला कोपऱ्यात सरकवले. कापसाच्या हंगामात इथल्या हवेत बारीक तंतू उडतात. ते माझ्या पंख्यात जाऊन बसले, मी तापू लागलो, आणि मला भंगारात काढायचे बोलणे सुरू झाले.

तेव्हा ग्रंथपाल स्नेहल मॅडमनी मला मागून घेतले. त्यांना डिजिटल ग्रंथालय उभे करायचे होते. शिपाई लोटनभाऊंनी ब्लोअरने माझ्यातली धूळ उडवली, मला पुसले आणि ग्रंथालयात आणून ठेवले. मॅडमचे टेबल माझ्या दाराला लागूनच आहे. त्यामुळे तिथले बोलणे मला आजही ऐकू येते.

डिजिटल ग्रंथालय म्हणजे नुसता फायलींचा ढीग नव्हे, मित्रांनो. त्यात आधी विभाग करावे लागतात. विभागात संग्रह असतात आणि संग्रहात एकेक नोंद. प्रत्येक संग्रह उघडताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. यात वस्तू कोणी ठेवायची? ठेवलेली वस्तू तपासून कोणी मंजूर करायची? आणि ती कोणाला दिसायची? बरेच लोक पहिल्या दोन प्रश्नांवर थांबतात. स्नेहल मॅडम तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवत.

जुन्या प्रश्नपत्रिकांचा संग्रह त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. परीक्षा जवळ आली की मुले माझ्यावर तुटून पडत. तेव्हा माझे फार कौतुक होई. प्रबंधांचा संग्रह फक्त महाविद्यालयातल्यांसाठी होता. नंतर मॅडमनी अहिराणी गाण्यांचा संग्रह सुरू केला. नोंदीच्या रकान्यात 'लेखक' असे लिहून येत होते. मॅडमनी ते बदलून 'गाणारी' असे केले. खाली 'गाव' आणि 'प्रसंग' असे दोन रकाने वाढवले. मग त्या रेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरू लागल्या.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्यांना सुंदरबाई भेटल्या. सुंदरबाईंना आखाजीची पुष्कळ गाणी येत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गातात. लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. सुंदरबाईंनी बरीच गाणी गायली. शेवटी म्हणाल्या,

"आजून एक शे. हाई गानं भरी ल्या, पन कोनले ऐकू देऊ नका. मन्ही बहीन आजून तठेच नांदस."

"मग भरून कशाला घ्यायचं, अक्का?" मॅडमनी विचारले.

"मन्हासंगे ते मरी जाई, म्हनीसन."

ते गाणे त्यांनी स्वतः बांधलेले होते. त्यांची धाकटी बहीण कोकिळा नशिराबादजवळच्या गावात दिली होती. पहिली दोन वर्षे ती आखाजीला आली, नंतर आलीच नाही. मुराळी जाई आणि एकटाच परत येई. सासू पाठवत नाही, असे सगळे धरून चालले. सुंदरबाई झोक्यावर बसून गात,

'झोका गया गगनले, मन्ही बहीन उनी नही,
सासू वाघीन दारमा, वाट तिन्ही सुटनी नही.'

पुढच्या ओळींत सासरच्या गावाचे नाव होते आणि घराण्याचेही. म्हणूनच ते कोणाला ऐकू द्यायचे नव्हते.

मॅडमनी त्या एका गाण्यासाठी 'राखीव गाणी' नावाचा वेगळा संग्रह उघडला. त्याची परवानगी फक्त स्वतःकडे ठेवली. नोंदीत गाण्याचे शब्द आणि सुंदरबाईंची अट लिहिली. पुढे कितीतरी महिने त्या संग्रहाचे दार कोणी वाजवले नाही. माझ्यासाठी ते गाणे म्हणजे बाकीच्या फायलींसारखीच एक फाइल होती.

नंतर संगणक विभागातले भूपेंद्र सर माझी देखभाल बघू लागले. कामाला चोख माणूस. देखभाल करणाऱ्याला माझ्यातले सगळे संग्रह हलवता येतात. महाविद्यालयाची तपासणी करायला समिती येणार होती आणि स्नेहल मॅडम प्रशिक्षणासाठी जळगावला गेल्या होत्या. सरांनी यादी पाहिली. कुठे दोन नोंदी, कुठे एकच. असले लहान लहान संग्रह समितीला दाखवायचे कसे? त्यांनी 'खान्देशचा वारसा' नावाचा एक मोठा, सगळ्यांसाठी खुला संग्रह केला आणि लहान संग्रहांतल्या नोंदी त्यात हलवल्या. हलवताना माझ्यातली प्रणाली एक प्रश्न विचारते: नोंदीच्या जुन्या परवानग्या तशाच ठेवायच्या, की नव्या संग्रहाच्या लावायच्या? सरांनी 'नव्या' या चौकटीत खूण केली. मी सांगितले तसे केले. मी यंत्र आहे. गाणे कुठल्या अटीवर दिलेले आहे हे माझ्यात लिहिलेले होते, पण लिहिलेले वाचून थबकणे हे माणसाचे काम.

समिती आली, खूश झाली आणि गेली. मॅडम जळगावहून परतल्या, पण राखीव संग्रह त्यांनी उघडून पाहिला नाही.

थोड्याच दिवसांत एका मुलाला इंटरनेटवर आपल्या गावाचे नाव शोधताना ते गाणे सापडले. गाव नशिराबादजवळचे, तेच. त्याने मित्राला पाठवले, मित्राने गावाच्या ग्रुपवर. मग पानटपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही ते वाजू लागले. लोक हसत. त्या घरचे कोणी दिसले की मुद्दाम आवाज वाढवत.

एके दिवशी दुपारी एक मध्यमवयीन गृहस्थ ग्रंथालयात आले. दीपनगरला नोकरीला होते. नाव प्रेमराज. ते कोकिळाबाईंचे थोरले चिरंजीव होते. त्यांनी उभ्यानेच मोबाइल टेबलावर ठेवला आणि गाणे लावले.

"ह्यात ज्यांना वाघीण म्हटलंय ना, त्या माझ्या आजी. वारून कितीतरी वर्षं झाली. सगळा गाव त्यांना हसतोय. कोणाला विचारून लावलं तुम्ही हे?"

मॅडमनी पडद्यावर नोंद उघडली. गाणे कुठे गेले आहे ते पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"हे तुम्हाला ऐकू यायलाच नको होतं," त्या म्हणाल्या. "ज्यांनी दिलं त्यांनीच तसं सांगितलं होतं. चूक आमची आहे, प्रेमराजभाऊ."

त्यांनी तिथल्या तिथे नोंद मागे घेतली. मागे घेणे म्हणजे पुसणे नव्हे. फाइल माझ्यातच राहते, फक्त बाहेर कोणाला दिसत नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये गेलेले गाणे मात्र मला परत आणता येत नाही.

"नुसतं लपवू नका, पुसून टाका," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"तुम्ही सांगून पुसता येणार नाही, आणि मी ठरवूनही नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारते. तुमच्या आईंनी ऐकलं का हे?"

"नाही. तिच्यापर्यंत मी जाऊ दिलेलं नाही."

ते गेल्यावर भूपेंद्र सर आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी पडद्यावर नोंदीतली अट वाचली. मग म्हणाले, "मॅडम, मला वाटलं ग्रंथालयातलं सगळं सगळ्यांसाठीच असतं."

"मीही जाताना तुम्हाला काही सांगून गेले नव्हते," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून सुंदरबाईंच्या गावी गेले. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. मॅडमनी हात जोडून माफी मागितली. सुंदरबाई भाकरी थापत होत्या. त्या काही रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "कोकिळानी ऐकं का?" नाही म्हटल्यावर हात धुऊन उठल्या. "मंग परक्याकडतून नको. मीच तिले ऐकाडसू."

अशा रीतीने त्या दोघी बहिणी माझ्या काचेच्या दारासमोर येऊन बसल्या. प्रेमराजभाऊ आईला घेऊन आले होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले. कोकिळाबाई ठेंगण्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या खुर्चीच्या टोकाला बसल्या. मॅडमनी गाणे लावले.

कोकिळाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले. मधे एकदाही मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाल्या, "सुंदर, तिनी मले कधी अडावं नही."

सुंदरबाईंना समजेना.

"सासू अंथरूनले खिळेल व्हती. तिले उठता बसता ये नही. ती रोज सांगे, जाय माहेरले, मन्ही काळजी करू नको. मीच उनू नही." त्यांचा आवाज चढला. "मन्हं पहिलं बाळंतपन तिनी करं, आईगत. तिले सोडीसन मी झोका खेवाले येऊ? आनि तू तिले वाघीन म्हनी!"

"मंग निरोप का धाडा नही तू?"

"धाडा व्हता. मुराळीले सांगं व्हतं, सासू आजारी शे म्हनीसन. तुम्हले ते खरं वाटनंच नही. मंग मुराळी येनाच बंद व्हयना."

सुंदरबाई आपल्या हातांकडे पाहत राहिल्या.  मग त्या स्नेहल मॅडमना म्हणाल्या, "पुसी टाका ते."

प्रेमराजभाऊंनी सुस्कारा टाकला. त्यांना हेच हवे होते. पण कोकिळाबाई म्हणाल्या, "नको. बठ्ठा गाव ऐकी चुकना, आते पुसीसन काय व्हई? तिन्ही माया शे ती. मन्ही वाट पाही, म्हनीसनच शिव्या दिन्यात. पन मन्हं बी भरी ल्या."

मॅडमनी रेकॉर्डर सुरू केला. कोकिळाबाईंना बहिणीसारखे गाणे बांधता येत नव्हते. त्यांनी साधेच सांगितले. सासूचे नाव पुना होते. ती बाळंतिणीला कसे न्हाऊ घाली, अंथरुणात पडल्या पडल्या नातवाला कशी झोका देई, सारे सांगितले. तो नातू भिंतीपाशी उभा होता. त्याने तोंड फिरवले.

"एकलं तिन्हं नको, एकलं मन्हं बी नको," कोकिळाबाई शेवटी म्हणाल्या. "संगे ठेवा."

मग भूपेंद्र सरांनी दोन्ही आवाज जोडून एकच फाइल केली, म्हणजे एक ऐकले की दुसरेही ऐकावेच लागेल. मॅडमनी 'गाणारी' या रकान्यात सुंदरबाईंचे नाव घातले आणि 'सांगणारी' असा आणखी एक रकाना करून तिथे कोकिळाबाईंचे. दोघींना विचारून ती नोंद सगळ्यांसाठी खुली केली. प्रेमराजभाऊंनी ती स्वतःच गावाच्या ग्रुपवर पाठवली. काही लोकांनी शेवटपर्यंत ऐकली, काहींनी ऐकली नाही.

आता माझ्या जागी नवीन यंत्र यायचे आहे. या वेळी भूपेंद्र सर आणि स्नेहल मॅडम शेजारी बसून एकेक संग्रह हलवतात. हलवण्याआधी सर प्रत्येक नोंदीतली अट मोठ्याने वाचतात. काम हळू चालते. मला घाई नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही पुष्कळ फोटो, आवाज, मजकूर साठत असतील. ते दुसरीकडे न्याल, दुसऱ्याला पाठवाल, तेव्हा एवढे कराच. ते ज्याचे आहे त्याने कोणासाठी म्हणून दिले होते, हे आधी पाहा. पाहायला विसरलात तर आमच्यासारखी यंत्रे तुम्हाला अडवणार नाहीत.

यंदा आखाजीला प्रेमराजभाऊ आईला घेऊन सुंदरबाईंच्या गावी गेले. स्नेहल मॅडमनाही बोलावणे होते. त्या रेकॉर्डर घेऊन गेल्या होत्या. निंबाला झोका बांधलेला होता आणि दोघी म्हाताऱ्या एकाच पाटावर बसल्या होत्या. मॅडमनी रेकॉर्डर बाहेर काढला, तेव्हा सुंदरबाईंनी हात हलवून सांगितले, "आज भरू नका."

मॅडमनी तो पिशवीत परत ठेवला. दोघींनी त्या दिवशी काय गायले, ते माझ्याकडे नाही.