माझा दिवा तंबूत गेला

मी एक जुना कढीपत्ता आहे. आहे म्हणजे, कुंडीत वीतभर खोड उरलं आहे. पान एकही नाही. आत्मवृत्त सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझ्यासाठी काही केल्याचं मला आठवत नाही.

जन्म.

बाड हॉम्बुर्गला चारुलतामावशींच्या मोठ्या झाडाच्या बुडाशी मी फुटलो. त्यांच्याकडे आलेल्या प्रभाने मला दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि मांडीवर धरून डार्मश्टाटला आणलं. बालपण एवढंच. जर्मनीच्या थंडीत कढीपत्त्याला याहून जास्त मिळत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझी पानं गळायला लागली. प्रभाचा नवरा हरीश इंजिनिअर. त्याने झाडं वाढवायचा दिवा आणला आणि खिडकीत माझ्या डोक्यावर टांगला. तेव्हा तो चांगला माणूस होता. हे वाक्य मी एकदाच म्हणेन.

काम आणि कौतुक.

आमटी, पोहे, चिवडा. पाहुण्या यायच्या त्या आधी मला बघायच्या.

"प्रभा, काय गं टवटवीत. घालतेस तरी काय?"

"आंबट ताक."

निघताना प्रत्येकीच्या पर्समध्ये माझी एक डहाळी. कौतुक करणारे लोक तोडूनच नेतात, मित्रांनो.

उपेक्षा. हा भाग लांब आहे. बसून घ्या.

हरीशची सायकल ट्रामच्या रुळात अडकली आणि तो पडला. कमरेतली नस दुखावली. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, नस मानेना. शेवटी डॉक्टरांनी औषधी गांजा लिहून दिला. त्याने त्याला झोप लागू लागली. पण विमा कंपनीने पैसे नाकारले आणि इथल्या औषधांच्या दुकानात, आपोथेकेत, ते महाग. इथे मोठ्या माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरात लावायला कायद्याची परवानगी आहे.

"घरीच लावू," हरीश म्हणाला. "जवळजवळ फुकट पडेल."

मग त्या तीन झाडांसाठी काळा तंबू आला. वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी आली, गाळणीसाठी पंखा आला. खोलीत ओल धरली म्हणून ती शोषणारं यंत्र आलं. घरात शाळकरी मुलगी मुक्ता, म्हणून तंबूला कुलूप आलं. पाठोपाठ विजेचं बिल आलं. हरीशने सगळ्याचा खर्च मोजला. मला मोजलं नाही. खिडकी माझी होती, ती तंबूने घेतली. दिवा माझा होता, तो आत गेला. मला पॅसेजमध्ये तापलेल्या हाइत्सुंगवर, म्हणजे भिंतीच्या हीटरवर, ठेवलं.

"तिथे ते वाळेल," प्रभा म्हणाली.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"माझं झाड आहे, हरीश."

"आणि माझी कंबर आहे."

कमरेपुढे कोण काय बोलणार? त्यानंतर प्रभा फारसं बोललीच नाही.

त्या कोरड्या, गरम हवेत माझ्या पानांखाली लाल कोळी झाले. टाचणीच्या टोकाहून बारीक किडे. रस पितात, जाळी विणतात. तंबूतल्या तिघी मात्र माझ्या दिव्याखाली फोफावत होत्या.

अशात पुण्याहून हरीशची आई आली, साधनाबाई.

"आई, ती अंबाडी आहे," हरीशने सांगितलं. पानं दिसतातही तशीच.

"अंबाडीला कुलूप?"

"मुक्ता तोडते."

"कशाला, भाजी करायला?"

स्वयंपाकघरात प्रभा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

एका दुपारी हरीश तंबू उघडा ठेवून आडवा झाला. साधनाबाईंना माझी दया आली. ओल्या फडक्याने त्यांनी माझं पान न् पान पुसलं. मग तेच फडकं घेऊन त्या अंबाडीकडे गेल्या. ते कोळी मी पाठवले नाहीत. हात असते तरी थांबवले नसते.

पुसता पुसता त्यांनी एक पान चावून पाहिलं. हरीश दारात येऊन उभा राहिला होता.

"अंबाडी आंबट असते," त्या म्हणाल्या. "हे काय आहे?"

"औषध."

"कोणाचं?"

त्याने अपघात घरी कळवलाच नव्हता. आता सांगावा लागला.

"फोनवर लोळत बोलायचास," त्या म्हणाल्या. "मी तुला आळशी म्हणत होते. म्हणू दिलंस मला."

त्या दिवशी त्यांनी त्याला जेवायला वाढलं. ताट ठेवून त्या आत गेल्या.

फुलं काढायची वेळ आली तेव्हा तिघींवर बारीक जाळी चढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, असलं औषध घ्यायचं नाही. तिघी कचऱ्याच्या पिशवीत गेल्या. हरीश पुन्हा आपोथेकेत गेला. कीड राहू नये म्हणून प्रभाने मलाही छाटलं. कात्री धारदार होती, एवढं चांगलं.

विनंती.

इथे झाडांवर प्रेम करा असं सांगायचं असतं. मी सांगणार नाही. प्रेमाने पुसल्यावर काय होतं ते तुम्ही ऐकलंत. घरात नवं काही आणाल तेव्हा त्याची जागा कोणाच्या जागेतून काढली ते बघा. ज्याची जागा गेली त्याला हाइत्सुंगवर ठेवू नका. तुमच्याच औषधाला कीड लागेल.

तंबू गुंडाळल्यावर हरीश दिवा घेऊन खिडकीशी आला. स्टुलावर चढला आणि अर्ध्यातच थांबला. आईने स्टूल धरलं.

"दुखतंय?"

"नाही गं."

"हरीश."

"दुखतंय, आई. खूप दुखतंय."

दिवा मग प्रभाने टांगला.

परवा माझ्या खोडाला हिरवा ठिपका आला. हरीशने सगळ्यांना बोलावून तो दाखवला, जणू त्यानेच काढला. मित्रांनो, तो ठिपका दिव्यामुळे आहे. हरीशसाठी नाही.