शेपटीचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि मला मोरलीवर चिरलेलं आहे. मोरली म्हणजे मासे चिरायची विळी. मासा मेल्यावर चिरतात, मला जिवंतपणी चिरलं. पण ते पुढे येईलच.

माझं नाव 'सातशिंगी'. सात शिंगांचा एक राक्षस डोंगरातल्या राज्याला वेढा घालून बसतो, आणि त्याचं एकेक शिंग छाटायला एकेक लढाई होते, अशी माझी गोष्ट आहे. माझ्या पानापानांवर मुंडकी उडतात. तांबडी नावाची तलवारबाज मुलगी सगळ्यांत पुढे लढते, आणि तिचा सख्खा भाऊ राक्षसाला जाऊन मिळतो. एवढं रक्त पोटात घेऊन जगणाऱ्या माझ्याकडून साखरेत घोळलेलं बोलणं तुम्हाला मिळणार नाही. राग आला की मी राग आला असंच सांगेन.

माझा जन्मही मारहाणीचाच. छापखान्यात माझे ताव दुमडले, पाठीत सुया खुपसून दोऱ्याने शिवले आणि कटिंग मशीनच्या पात्याखाली घालून तीन बाजूंनी छाटलं. मग गरम सरस ओतून वर पुठ्ठा दाबला. इतकं सोसल्यावर माणसाने निदान दोन शब्द कौतुकाचे बोलावेत की नाही? पालघरच्या पुस्तक प्रदर्शनात मी कित्येक दिवस पाककृतींच्या पुस्तकाखाली दबून पडले होते. लोक माझी जाडी बघूनच पुढे जायचे.

तिथून मला विनोदने उचललं. विनोद मुरब्याच्या कोळीवाड्यातला. बोटीवर त्याला मळमळायचं, म्हणून बापाची बोट सोडून तो तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात लागला होता. तिथे त्याचा जोडीदार होता बेटेगावचा गोमा. जेवणाच्या सुट्टीत दोघे उपड्या पिंपावर बसायचे. एक दिवस विनोद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्या दिवशी गोमा. शिंग तुटलं की गोमा डब्याच्या झाकणावर चमचा आपटायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते, हे मी लपवणार नाही.

तेवढ्यात बातमी आली की माझ्यावर पिक्चर निघणार! विनोदच्या मोबाइलवर नुसता धूर आणि एक शिंग दिसलं, तर दोघे पिंपावरून उड्या मारून उतरले. त्या दिवसापासून त्यांनी वाचनाचा वेग मुद्दाम कमी केला. पिक्चर लागायच्या आदल्या दिवशी शेवटचं पान वाचायचं, असं ठरलं. कधी दोन पानं, कधी एकच. माझी आवृत्ती संपलेली होती, त्यामुळे जवळच्या बोईसरला दुसरी प्रत मिळणंही शक्य नव्हतं. दोघांचा वाद मात्र रोज रंगायचा. शेवटी तांबडीच्या तलवारीखाली तिचा भाऊ येणार हे उघड होतं. ती त्याला मारणार की सोडणार?

"मारलाच पायजे," विनोद म्हणायचा. "फितूर हाय तो."

"भाऊ हाय रे तिचा," गोमा म्हणायचा. "हात उचलंलच कसा?"

सहावं शिंग तुटलं त्या दिवशी कारखान्यात स्फोट झाला.

तो मी ऐकला नाही, तो माझ्या अंगावर आला. मी विनोदच्या पिशवीत होते. भिंत हलली, पिशवी उडाली, माझा एक कोपरा जळून काळा पडला. धुरात माणसं किंचाळत होती. गोमा हातांवर रांगत आला, त्याने विनोदला काखेत धरून ओढत बाहेर नेलं आणि त्याच्या तोंडावर पाणी ओतत राहिला. माझ्या लढायांत माणसं मरतात तेव्हा त्यांच्या तोंडी वाक्यं असतात. विनोदच्या तोंडी नुसती ओरड होती.

विनोद वाचला, पण त्याचे डोळे गेले.

घरी आल्यावर धाकट्या बहिणीने, दीपालीने, मला त्याच्या हातात दिलं. त्याने बोटांनी जळका कोपरा चाचपला आणि मला भिंतीवर भिरकावलं. "चुलीत घाल ते," म्हणाला. दीपालीने मला माळ्यावर जुन्या जाळ्यांच्या ढिगात टाकलं. तिथे कसर माझी पानं कुरतडायची आणि खाली विनोद भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. गोमा दर रविवारी यायचा, अंगणात बसायचा. विनोद त्याच्याशी बोलायचा नाही. मला दोघांचाही राग यायचा. एक ऐकत नव्हता आणि दुसरा ओरडत नव्हता.

मग बोईसरच्या थिएटरवर माझा भला मोठा बोर्ड चढला आणि कोळीवाडा पेटला. पोरांनी वल्ह्यांच्या तलवारी केल्या. ट्रेलर भावावर उगारलेल्या तलवारीशी थांबायचा, त्यावरून दोन पक्ष पडले, 'मारणार' आणि 'सोडणार'. नळावर बायकासुद्धा भांडू लागल्या. 'सोडणार'चा पुढारी होता प्रफुल्ल, शेजारच्या बोटीवरचा खलाशी. अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून दांडगा. पिक्चरच्या आधी पुस्तक वाचायचं म्हणून सगळे दीपालीच्या मागे लागले. तिने मला माळ्यावरून काढलं मात्र, अंगणात माझी ओढाताण सुरू झाली. एकाने पुठ्ठा धरला, दुसऱ्याने पानं. एकीची वेणी ओढली गेली, एकाच्या नाकातून रक्त आलं.

विनोदची आई जमना बाजारासाठी घोळ मासा चिरत बसली होती. तिने वैतागून हाक मारली, "आणा हिकडं! भांडू नका मेल्यांनो. वाटं घालते."

मित्रांनो, तिचा दोष नव्हता. एक मासा आणि दहा तोंडं असली की वाटे घालायचे, हे तिला जन्मापासून ठाऊक. तिने मला मोरलीच्या पात्यावर पाठीकडून टेकवलं आणि दाबलं. शिवणीचे दोरे एकामागून एक तुटले. छापखान्यातल्या सुया त्यापुढे गुदगुल्या वाटल्या. डोक्याचा वाटा, पोटाचा वाटा आणि शेपटीचा वाटा, असे माझे तीन तुकडे घोळीच्या रक्तात पडले.

आता कुठला वाटा कुणाला? कोळीवाड्यात त्यालाही रीत आहे. एकाने पाठ फिरवून बसायचं. दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, 'हा कुणाचा?' पाठ फिरवलेला नाव घेईल त्याचा तो वाटा. म्हणजे डोळ्यांचा पक्षपात नको. पोरं आत गेली आणि विनोदला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. त्याला पाठ फिरवायचीही गरज नव्हती.

त्याला वाटलं, मासळीचे वाटे आहेत. घोळीचा वास येत होता, मोरलीचा आवाज त्याने ऐकला होता.

"हा कुणाचा?"

"हिराचा," तो म्हणाला. हिरा पलीकडच्या घरातली.

"हा कुणाचा?"

"स्वराजचा." स्वराज तिचा भाऊ.

"आणि हा शेपटीचा?"

"दे प्रफुल्लला," विनोद म्हणाला. किती तरी दिवसांनी तो थोडा हसलाही.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. प्रफुल्लच ओरडला. "शेवट मला! सातवं शिंग मला!"

विनोदचं हसू तिथेच थांबलं. "कसलं वाटं घातलं तुमी?" त्याने विचारलं. तो उठला, अडखळला, त्याच्या हाताला माशांची टोपली लागली ती त्याने फेकली, मग पाण्याचा हंडा लाथाडला. दीपाली धरायला गेली तर तिला असा धक्का बसला की ती दारावर आदळली. "मी फेकलं होतं!" तो ओरडत होता. "चिरायला नाय सांगितलं! डोळं गेलं, पिक्चर गेला. तेवढा शेवट राहिला होता माझा!" आणि मग ओट्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला. आई पदराने त्याच्या हातावरचं माशांचं रक्त पुसत राहिली.

"पिक्चर लागला की समदा गाव शेवट बोंबलत फिरंल," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या आधी मला तो गोमाच्या तोंडून ऐकायचा हाय. ठरलं होतं आमचं."

पिक्चर शुक्रवारी लागणार होता. दीपालीने गोमाला फोन केला आणि वाटे परत गोळा करायला निघाली. हिराने डोकं दिलं, स्वराजने पोट दिलं. प्रफुल्लने मात्र शेपटी तोवर तीनदा वाचून संपवली होती आणि तरी सोडायला तयार नव्हता.

"वाटा पडला की परत मागायचा नाय," तो म्हणाला. "आपली रीत हाय. तुज्याच दादानं नाव घेतलं ना माजं?"

रीत खरीच तशी होती. दीपाली रिकाम्या हाताने घरी परतली.

गोमाला ती रीत लागू नव्हती. गुरुवारी सकाळी तो बेटेगावहून आला तो तडक खाडीकाठी, बोंबील सुकवायच्या काठ्यांपाशी. प्रफुल्लच्या कमरेला मी खोचलेली होते.

"पुस्तक दे."

"नाय देत."

गोमाचा पहिला ठोसा प्रफुल्लच्या तोंडावर बसला आणि ओठ फुटला. प्रफुल्लने काठी उपसून त्याच्या बरगड्यांत घातली. वरचे बोंबील दोघांच्या अंगावर पडले. मग दोघे वाळूत लोळले. एकमेकांच्या तोंडात वाळू कोंबली, केस उपटले, गोमाच्या दंडात प्रफुल्लचे दात रुतले. मी मध्ये चिरडत होते. माझ्या सातव्या लढाईचं वर्णन लेखकाने फार झोकात केलं आहे, पण खरी मारामारी अशी घाणेरडी असते. गोमाने माझं टोक पकडलं, प्रफुल्लने सोडलं नाही. टर्रकन आवाज झाला. गठ्ठा गोमाच्या हातात आला आणि शेवटचं पान प्रफुल्लच्या मुठीत राहिलं. गोमाने ती मूठ पिरगाळली. पान सुटलं, वाऱ्याने खाडीच्या चिखलावर जाऊन पडलं, आणि चढत्या भरतीने ते आमच्या डोळ्यांदेखत उचलून नेलं.

"घ्या जीव एकमेकाचा!" गोमाच्या मागून धावत आलेली दीपाली ओरडली. "तिकडं माझा भाऊ वाट बघतोय."

दोघे धापा टाकत पाण्याकडे बघत राहिले.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर गोमा विनोदसमोर बसला. जमनाने माझे तिन्ही वाटे फडक्याने पुसून दिले होते. गोमा वाचू लागला. बरगडी दुखत होती, तरी एकही ओळ त्याने गाळली नाही. सातवं शिंग तुटलं. झाकण नव्हतं म्हणून विनोदने भिंतीवर मूठ आपटली. राक्षस पडला. तांबडीचा भाऊ गुडघ्यांवर आला. तांबडीने तलवार उचलली.

गोमा थांबला.

"पुढं?" विनोद म्हणाला.

"पुढचं पान नाय रे. माज्यानंच फाटलं."

विनोदचा चेहरा स्फोटानंतर जसा झाला होता तसाच होऊ लागला. तेव्हा दारातून आवाज आला, फुटक्या ओठांचा, बोबडा. "मी वाचलंय."

"आत ये मुडद्या," जमना म्हणाली. "उंबऱ्यात काय उभा?"

प्रफुल्ल आत येऊन बसला. विनोदने त्याच्याकडे तोंड वळवलं. "पान गेलं. तू खरं सांगतोस का खोटं, मला कसं कळणार?"

प्रफुल्लने फुटका ओठ पुसला. मग म्हणाला, "तिनं मारलं त्याला." आणि सगळं पान त्याने सांगितलं. भाऊ काय बोलला, तिने डोळे मिटले नाहीत, वार कुठे बसला. आणि माझं अखेरचं वाक्य: तिने तलवार नदीत धुतली, आणि त्या दिवशी कुणाला नदीचं पाणी पिऊ दिलं नाही. मित्रांनो, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. माझं हरवलेलं पान मी त्याच्या तोंडून ऐकत होते.

"तू तर सोडणारवाला," विनोद म्हणाला. "तुज्या मनासारखं नाय झालं. म्हणजे खरं बोलतोस." मग त्याने हात पुढे करून प्रफुल्लचा गुडघा धरला. "परत सांग."

प्रफुल्लने परत सांगितलं.

शुक्रवारी सगळे बोईसरला गेले, दीपालीच्या पिशवीत रबर लावलेली मीही. विनोदला मध्ये बसवलं होतं. पडद्यावर काय चाललंय ते प्रफुल्ल त्याच्या कानात सांगत होता आणि पुढचे लोक चिडत होते. शेवट आला. तांबडीने तलवार उचलली, आणि टाकून दिली! भावाला मिठी मारली. अर्ध्या थिएटरने शिट्ट्या मारल्या. 'सोडणार'वाले खुर्च्यांवर चढून नाचू लागले.

"काय झालं रं?" विनोदने विचारलं.

प्रफुल्लला पाहिजे तोच शेवट समोर चालला होता. गाव आता त्याला डोक्यावर घेणार होतं. तो उठून खुर्चीवर चढला आणि फुटक्या तोंडाने ओरडला, "खोटं हाय हे! मारलं तिनं! मी वाचलंय!"

"अबे बैठ!" मागून कुणी तरी त्याची कॉलर ओढली. त्याच्याच पक्षातल्या एकाने त्याला खाली पाडलं. लाथा बसू लागल्या. तेव्हा गोमा मध्ये शिरला, त्याने प्रफुल्लचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं आणि सगळा मार आपल्या पाठीवर घेतला.

आता मी विनोदच्या उशाशी असते. माझी नवी आवृत्ती येणार आहे म्हणे, नटीचा फोटो असलेली आणि शेवट पिक्चरसारखा केलेली. येऊ दे. संध्याकाळी कधी गोमा वाचतो, कधी दीपाली, आणि शेवटी सगळे प्रफुल्लकडे वळतात.

इतर पुस्तकं तुम्हाला सांगतील, पानं दुमडू नका, कव्हर घाला, उन्हात ठेवू नका. मला आता कव्हर घालून काय करायचंय? माझी विनंती वेगळी आहे. मित्रांनो, मुरब्याला गेलात तर तो प्रफुल्ल भेटेल. भांडखोर आहे, उर्मट बोलतो, तुमच्याशीही वाद घालील आणि तुमचे हात शिवशिवतील. पण त्याच्या तोंडावर मारू नका. माझं शेवटचं पान तिथे आहे.