गाळ बसेपर्यंत

मी एक जुना मोजनळा आहे. काचेचा, एक लिटरचा, काठाला टवका उडालेला. मामांना पहिली नात झाली, त्या वर्षी मला शहराच्या सांडपाणी केंद्रात आणलं. मामा तिथले ऑपरेटर. त्यांचे जावई त्यांना मामा म्हणत, म्हणून सगळं केंद्रच म्हणू लागलं.

मित्रांनो, सांडपाणी यंत्रं साफ करतात असं तुम्हाला वाटत असेल. खरं काम गाळातले बारीक जीव करतात. रोज सकाळी मामा टाकीतलं पाणी माझ्यात भरत आणि अर्धा तास बघत बसत. गाळ तळाशी बसला, वरचं पाणी निवळलं, की जीव धडधाकट. तेवढ्या वेळात टेबलाला धक्का लावायचा नाही, चहाचा कपसुद्धा ठेवायचा नाही. "मामा, दूध ठेवलंय का गॅसवर?" अशी थट्टा व्हायची.

नात सहा वर्षांची असताना दूरच्या कारखान्यांचं पाणी आमच्याकडे आणायचं घाटलं. शुद्ध केलेलं आहे, असं कारखानेवाले म्हणत. टँकर चालवणार होते जावईच. दीड वर्ष घरी बसल्यावर मिळालेलं काम. आठवडाभर ते पाणी आमच्या एका टाकीत सोडून पाहिलं. मग शहराच्या सभेत मामा मला घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर त्या टाकीतलं पाणी माझ्यात भरलं.

कारखान्यांच्या साहेबांनी अहवाल दाखवला. सगळे आकडे मर्यादेत. पाच मिनिटांत गाळ खाली सरकू लागला.

"बसला की! करा सही," साहेब म्हणाले.

"अर्धा तास."

जावई पुढे आले, टेबलावर कोपर टेकून हळूच म्हणाले, "मामा, पाया पडतो. पुरे आता."

"कोपर काढा, जावईबापू."

अर्धा तास भरला. गाळ बसला नव्हता, विरला होता. वरचं पाणी राखाडीच राहिलं.

"कागद पास आहे, साहेब," मामा म्हणाले. "गाळ नापास आहे. जीव मेले, की आमच्या शहराचीच घाण नदीत जाईल."

शहराने ते पाणी नाकारलं. परतताना जावयांनी मला गाडीत आदळलं, टवका तेव्हाचा. दोन वर्षं ते मामांच्या दारी आले नाहीत. मुलगी एकटीच नातीला घेऊन यायची. मामा तिला विचारायचे, "बरे आहेत ना?" त्यापुढे काही नाही.

मित्रांनो, पाणी असो की माणूस, पाच मिनिटांत निकाल लावू नका.

पुढे एका सकाळी जावई मामांचा केंद्रावर राहिलेला चष्मा न्यायला आले. मामांच्या हाताखाली शिकलेली नवी ऑपरेटर माझ्यासमोर बसली होती. त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवायला उचलली, मला पाहिलं आणि ती तशीच धरून अर्धा तास उभे राहिले. गाळ नीट बसला.

मामा आदल्या दिवशी वारले होते, नऊ मार्चला, नात दहा वर्षांची असताना.