फुगण्यापुरती जागा

माझे बाबा सुतार. चाळीस वर्षं त्यांनी दारं केली, आणि तीही अशा गावात, जिथे आभाळ वर्षातला बराच काळ छपराला टेकलेलं असतं. तिथे सुताराची परीक्षा दार बसवताना होत नाही, भर पावसाळ्यात होते. कोरड्या दिवसांत घट्ट बसवलेलं दार तेव्हा फुगून चौकटीत असं अडकतं, की घरच्यांना खिडकीतून बाहेर यावं लागतं आणि अख्खा गाव सुताराच्या नावाने बोटं मोडतो. बाबांच्या नावाने कोणी कधी बोटं मोडली नाहीत. फळी आणि चौकट यांच्यामध्ये ते एका नाण्याच्या जाडीची फट ठेवत. लाकडाला फुगण्यापुरती जागा द्यावी, म्हणायचे. मोजायला नाणं खिशातून काढलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यांच्या बोटांनाच ते कळायचं.

त्याच गावात माझ्या आईचा श्वास कोंडत चालला होता. भिंतींना बुरशी, उशीला ओलसर वास, घरातच दोरीवर चार-चार दिवस न वाळणारे कपडे. आई आडवी झाली की छातीतून शिट्टी वाजायची, म्हणून ती वर्षानुवर्षं भिंतीला टेकून बसून झोपायची. शेवटी डॉक्टर स्पष्टच बोलले. आणखी एक पावसाळा यांना झेपणार नाही, कुठेतरी कोरड्या हवेत घेऊन जा.

कोरडी हवा म्हणजे मी. लग्न करून मी वाळवंटाच्या कडेला असलेल्या या शहरात आले. नवरा इथलाच, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. मी पडदे शिवायच्या कारखान्यात काम करते. इथे पडदा ही शोभेची वस्तू नाही. दिवसा तो ओढला नाही तर तापलेल्या भांड्यांना हात लावता येत नाही. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात हे ऊन. नवरा म्हणतो, तुला आणि इथल्या उन्हाला एकमेकांची सवय आहे, मीच मधल्या मध्ये भाजतो.

आई-बाबा आले आणि महिनाभरात आई पाठ टेकून झोपायला लागली. मी पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. छातीत शिट्टी नाही, घरघर नाही. ती जिना चढून गच्चीवर जायची, धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून तिथेच थांबायची आणि थोड्या वेळाने पुठ्ठ्यासारखा कडक झालेला टॉवेल घेऊन खाली यायची. "अगं, वाळलासुद्धा!" प्रत्येक वेळी तेवढ्याच नवलाने सांगायची. मीठ डबीतून सुटं पडतं याचंही तिला अप्रूप होतं. माझी आई इतकी बोलते हे मला माहीतच नव्हतं. बोलायला श्वास लागतो, आणि तो तिच्याकडे कधी उरलाच नव्हता.

बाबांचं मात्र उलट झालं. ओठ फुटले, नाकातून रक्त यायला लागलं. भर दुपारी ते सगळ्या खिडक्या सताड उघडायचे, कारण त्यांच्या गावात हवा खेळती ठेवली नाही तर घर कुजतं. मी धावत जाऊन बंद करायचे. आमची त्यावरून रोज खडाजंगी व्हायची.

"घरात हवा नको का?"

"बाबा, ती हवा नाही, भट्टी आहे!"

त्यांची सगळ्यात मोठी तक्रार घामाबद्दल होती. अंगावर यायच्या आधीच तो सुकून जायचा. "दिवसभर राबलो तरी सदरा कोरडा," ते म्हणायचे. "काहीच केलं नाही असं वाटतं." खरं तर करायला काही नव्हतंच. इथली घरं सिमेंटची, दारं लोखंडी. त्यांच्या हत्यारांची पिशवी पलंगाखाली पडून होती. सहा महिने काढू, हिला बरं वाटलं की परत जाऊ, असं ते आल्यापासून म्हणत होते, आणि आई त्यावर मान खाली घालायची. परत जाणं म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण इथे रोज थोडा थोडा वाळत चाललेला माणूसही समोर दिसत होता. कोणाची बाजू घ्यावी? मी कोणाचीच घेतली नाही, नुसती खिडक्या लावत राहिले.

आईच्या खोलीला दार नव्हतं. ती पूर्वी आमची अंगणात उघडणारी अडगळीची खोली होती, नुसता पडदा होता. नवऱ्याच्या मनात आलं, मामांना काम द्यावं. पाडलेल्या एका जुन्या इमारतीतल्या फळ्या त्याने टँकरच्या टपावर बांधून आणल्या. बाबांनी फळीवर हात फिरवला, वास घेतला, आणि त्या दिवशी आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. पुढचा आठवडाभर घरात रंध्याचा आवाज होता. आई दारात बसून भुसा गोळा करायची आणि बाबा तिला "धुळीत बसू नकोस" म्हणून ओरडायचे. मला वाटलं, आता लागली गाडी रुळावर.

दार देखणं झालं. बिजागऱ्यांचा आवाज नाही, कडी अलगद बसणारी. नवरा लावून-उघडून बघत होता. मग त्याने कडेला बोट लावलं.

"मामा, इथे फट जरा जास्त राहिली का?"

"ती ठेवायची असते, जावईबापू. लाकूड फुगतं."

"इथे नाही फुगत, मामा. उलट आणखी..."

"तुम्ही टँकर चालवा," बाबा म्हणाले. "दारांचं मी बघतो."

नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण सासऱ्यापुढे काय बोलणार? तो टँकरची किल्ली घेऊन निघून गेला आणि पुन्हा त्याने विषय काढला नाही. मलाही फट दिसत होती. पण बाबा दाराला तेल लावत काहीतरी गुणगुणत होते. इतक्या दिवसांनी माणसाचा चेहरा उजळला, त्यावर मी कशाला पाणी ओतू? म्हटलं, नंतर एखादी पट्टी मारून घेऊ.

उन्हाळा चढला तसं लाकूड आटत गेलं. कडेच्या फटीतून आधी प्रकाशाची रेघ यायची, मग बाहेरून जाणारा माणूस दिसायला लागला. दोन फळ्यांच्या मध्येही चिरा पडल्या. बाबा येता-जाता त्यावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "पावसाळ्यात भरेल." मी एकदा न राहवून म्हटलं, "बाबा, इथे पावसाळाच नसतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते हे नव्यानेच ऐकत होते.

वादळ आलं ते दुपारी. मी कारखान्यात होते. बाहेरचा उजेड आधी पिवळा झाला, मग तपकिरी. मालकिणीने मशीनं बंद करून सगळ्यांना आतल्या खोलीत घेतलं. वरवर पाहता इथे घाबरण्यासारखं काही नसतं. दारं-खिडक्या लावायच्या, तोंडाला ओलं फडकं धरायचं आणि वाट बघायची. इथल्या पोरांनाही ते कळतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती फट होती. मी निघाले तर मालकिणीने हात धरून बसवलं. "वाटेत गुदमरशील, आणि त्यांच्या काय उपयोगाची राहशील?" तिचं बरोबर होतं म्हणून मला तिचा अधिकच राग आला.

धूळ थोडी बसल्याबरोबर मी तोंडाला फडकं बांधून पळत घरी आले. आईच्या खोलीचं दार उघडेना. ढकललं, तर आतून बाबांचा आवाज आला, "उघडू नका! उघडू नका कोणी!"

"बाबा, मी आहे. थांबलंय वादळ."

दार उघडलं. बाबांच्या अंगावर काही नव्हतं, फक्त चड्डी. त्यांचे सदरे, विजारी, टॉवेल, आईचे कपडे, उशीचे अभ्रे, सगळं पाण्यात भिजवून त्यांनी फटींमध्ये पटाशीने ठोकून बसवलं होतं. खालपासून वरपर्यंत. तरीही कपडे पुरले नव्हते. वरच्या चिरेवर ते दोन्ही तळवे दाबून उभे राहिले होते, आणि तळव्यांच्या कडेकडेने धूळ आत येत राहिली होती. त्यांचे केस, भुवया, छाती, सगळं एकाच मातकट रंगाचं झालं होतं. आई पलंगावर पुढे वाकून बसली होती. खांदे उचलले जात होते, पण आत काही जात नव्हतं. ओठ निळे. हातात औषधाचा पंप होता आणि तो रिकामा झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला सरळ कळलं की आपली आई आता जाणार.

तेवढ्यात नवरा आला. वादळ बघून टँकर अर्ध्या वाटेतूनच वळवला होता त्याने. त्याने आईला उचललं, केबिनमध्ये ठेवलं, मी शेजारी बसले. बाबा मागून चड्डीवरच धावत आले. नवऱ्याने स्वतःचा शर्ट काढून त्यांच्याकडे फेकला. भरलेल्या टँकरला आम्ही त्या दिवशी जो वेग दिला, तो कंपनीने पाहिला असता तर नोकरी गेली असती.

दवाखान्यात आईच्या तोंडावर मुखवटा लावला. रात्र जड जाईल, असं डॉक्टर म्हणाले, पण ती रात्र सरली. दुसरा दिवसही गेला. हळूहळू ओठांना रंग आला. बाबा त्या सगळ्या दिवसांत बाहेरच्या बाकावर जावयाचा शर्ट घालून बसून होते. तो त्यांना आखूड होत होता. मी जेवण नेलं की ते बाजूला ठेवायचे. कोणी त्यांना बोल लावला नाही. नवरा तर त्यांच्या शेजारी जाऊन गप्प बसायचा. पण न बोलण्यानेही माणसाला लागायचं ते लागतंच.

आई घरी आली त्या दिवशी तिला पलंगावर टेकवून बाबा उभे राहिले. उत्तर पाठ करून आलेल्या शाळकरी मुलासारखे.

"मी तिकिटं काढलीत," ते म्हणाले. "परवाची. आपण आपल्या घरी जाऊ. चिखलातून फुफाट्यात आणलं मी तुला. इथली हवा माझ्या हातांना कळत नाही. उद्या आणखी काहीतरी करून बसेन आणि माझ्याच हातून तुझा जीव जाईल."

"बाबा, तिकडे आभाळ भरून आलं असेल आता," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तिकडे नेऊन काय करणार आहात तिचं?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"बोलणार! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"थांब गं," आई म्हणाली.

तिला उठून बसायला वेळ लागला. ती बोलत होती तेव्हा दर दोन-तीन शब्दांनी थांबत होती, पण थांबली तरी तिचं वाक्य तुटत नव्हतं.

"तुमच्या दारामुळे मी मरत होते, हे खरं," ती बाबांना म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण तिकडे तुमची सगळी दारं बरोबर होती. तरीही मी मरतच होते."

बाबा खाली बसले. जमिनीवरच. बराच वेळ ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. पटाशी ठोकताना अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुला राहायचंय का इथे?"

इतक्या वर्षांत बाबांनी आईला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. काय आणू, किती वाजले, औषध घेतलंस का, हे विचारणं वेगळं. आईलाही ते नवीन असावं. तिने आधी पदराने तोंड पुसलं.

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला नाही सोसत, दिसतं मला. तुम्ही जा. मी धरून ठेवणार नाही. अधूनमधून या भेटायला."

"आणि तिकडे मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

आईने उशी सरळ केली. थोड्या वेळाने आडवी झाली आणि तिला डोळा लागला. पाठ टेकून, सरळ. बाबांनी पलंगाखालून हत्यारांची पिशवी ओढली. आवाज होऊ नये म्हणून बिजागरीचे स्क्रू एकेक करून हळूहळू काढले. दार उतरवायला नवरा पुढे झाला. दोघांनी ते बाहेर नेऊन भिंतीला टेकवलं. परत आल्यावर बाबा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "जावईबापू, फट किती ठेवायची ते तुम्ही सांगा."

"ठेवूच नका, मामा," नवरा म्हणाला. "घट्ट करा. आपोआप सैल होतं इथे सगळं."

तो तिकिटं परत करायला गेला. दार नसलेल्या उंबऱ्यावर बाबा बसले होते, मी त्यांच्याशेजारी. आत आईचा श्वास चालू होता. शांत, काही खुट्ट नाही. बाहेर तेच पांढरं आभाळ, त्यात एक ढग नाही. बाबांचा फुटलेला ओठ पुन्हा उलला होता आणि ते जिभेने तो ओला करत होते.

"मला मात्र इथे मरायचं नाही गं," ते हळूच म्हणाले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मग मरू नका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, गिऱ्हाइकाचं काम अंगावर घेताना हलवायचे तशी, आणि उठून माठातून तांब्याभर पाणी घेऊन सगळं प्यायले.