नकाशात होतं तसं

"माताजी, फीता ढीला मत छोड़िए. खींच के पकड़िए!" घर तपासायला आलेला सरकारी इंजिनिअर दहिया पलीकडच्या टोकाकडून ओरडला.

भानुमतीबाईंनी टेपचं टोक कंपाउंडच्या भिंतीला टेकवलं होतं खरं, पण मध्ये चांगलं पोट सुटेल इतका हात सैल ठेवला होता. सहा इंच वाढले तर वाढले. शेजारी उभ्या असलेल्या सुनेनं, अरुणानं, ते पाहिलं आणि मान वळवून समोरच्या रिकाम्या प्लॉटमधल्या म्हशी बघायला लागली.

दहियानं स्वतः येऊन टेप ताणला. "पाँच फुट दो इंच. चाहिए दस." मग त्यानं पास झालेला नकाशा उघडला, घरामागे बांधलेल्या संडासाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "ये लैट्रिन यहाँ कैसे आ गई? नक्शे में तो ये जगह खाली है. लैट्रिन अंदर है, रसोई के बगल में."

"रसोई के बगल में भगवान है," भानुमतीबाई म्हणाल्या. "तुम्हारे यहाँ चलता होगा रसोई को चिकटके संडास. हमारे में नहीं चलता."

"आई, जरा हळू," अरुणा पुटपुटली.

"हळू कशाला? मी काय चोरी केलीय?"

दहियानं नकाशा काखेत मारला. आत जाऊन देवघर बघून आला. संगमरवरी ओटा, त्यावर देव्हारा, भिंतीला पांढऱ्या टाइल्स. बाहेर येऊन त्यानं फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या आणि सांगितलं, की मागचं बांधकाम पाडा, आत नकाशात दाखवलंय तिथे संडास करा, मग कंप्लीशन मिळेल. नाहीतर नवा नकाशा द्या. तो पास व्हायला तीन महिने.

"तीन महिने? हमको तीस तारीख को क्वार्टर छोड़ना है!"

"तो पहला रास्ता ठीक है, माताजी," तो म्हणाला, आणि स्कूटरला किक मारून गेला.

कंप्लीशनच्या कागदाशिवाय पाण्याचं आणि गटाराचं पक्कं कनेक्शन नाही. आणि तीस तारखेला बरोबर अठरा दिवस उरले होते.

गुडगावात तेव्हा जो तो घर बांधत होता. रस्त्याच्या त्या अंगाला काचेच्या इमारती उठत होत्या, या अंगाला मंत्रालयांतले रिटायर झालेले बाबू प्रॉव्हिडंट फंडाच्या विटा रचत होते. भानुमतीबाईंचे यजमान तात्याराव त्यांतलेच. पण नकाशा त्यांनी पास करून आणला तरी घर उभं केलं ते भानुमतीबाईंनीच. सकाळी दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून बस बदलत यायचं, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायचं, विटेवर वीट वाजवून बघायची. शाळा तिसरीपर्यंत झाली होती, तरी रेतीत माती किती हे त्या चिमटीत सांगत. नकाशाचा निळा कागद मात्र त्यांनी एकदाच बघितला होता. त्यात स्वयंपाकघराशेजारी संडास आहे असं अरुणानं वाचून दाखवलं, तशी त्यांनी कागदाची घडी घातली. संडास गेला मागे, त्या जागी आले देव.

"नकाशात नाही ते करू नकोस," तात्याराव तेव्हा म्हणाले होते.

"तुमच्या फायली तुमच्या ऑफिसात!" असं त्यांना ऐकवून बाई मिस्त्रीकडे वळल्या होत्या. एकतीस वर्षं सरकारी क्वार्टरात काढलेली बाई. तिथे प्रत्येकीनं मागच्या अंगणावर काही ना काही काढलेलं, कुणी पत्रा टाकून स्वयंपाकघर, कुणी भिंत उचलून पोराला अभ्यासाची खोली. सरकारी माणूस यायचा, चहा पिऊन जायचा. मागची जागा घरच्या बाईच्या मर्जीची, हे त्यांनी धरूनच चाललेलं.

वैशाखात वास्तुशांत झाली. ज्येष्ठ लागला आणि तात्यारावांची उजवी बाजू गेली.

दहिया येऊन गेला त्या दिवशी गुडगावहून क्वार्टरात परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला उठवून अंगणातल्या संडासापर्यंत नेलं. दोन पायऱ्या उतरायला पंधरा मिनिटं लागली. एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं अरुणा. मुलगा विनायक बदलीवर गुवाहाटीला. महिन्याला मनिऑर्डर आणि 'काळजी घ्या' एवढंच त्याच्या हातात. परत खाटेवर टेकवल्यावर तात्यारावांचे डोळे भरून आले. सुनेनं धरून न्यावं लागतं, याचं त्यांना मरणाहून जास्त वाटे.

"काय... म्हणाला?" त्यांनी वाकड्या तोंडानं विचारलं.

"म्हणाला, घर सुंदर बांधलंय," भानुमतीबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात अरुणानं विषय काढला. "आई, देव वर फळीवर ठेवता येतील. नाहीतरी..."

"देव हलवायचं मला शिकवू नकोस. देव कुठेही बसतात. पण जिथे त्यांना बसवलं, होम केला, तिथे मी संडासाचं भांडं बसवू? तुझ्या माहेरी बसवतात का?"

"माझ्या माहेरी नकाशा वाचतात," अरुणा म्हणाली आणि तिची तीच घाबरली. भानुमतीबाईंनी नुसतं भांडं पुढे ओढून घासायला घेतलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. असं उलटून ती पहिल्यांदाच बोलली होती.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दहियाच्या गुडगावच्या ऑफिसात गेल्या. मोठ्या साहेबांना भेटायचं म्हणून सकाळी दहापासून बाकावर बसल्या. दोन वाजता कळलं, साहेब म्हणजे बाई आहे, विजयालक्ष्मी नावाची, मद्रासकडची. बाईला बाई समजून घेईल म्हणून त्यांना जरा धीर आला.

आत गेल्यावर त्यांनी जे ठरवलं होतं ते काहीच बोलता येईना. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायचं कसं ते माहीत नव्हतं. शेवटी हात जोडले. "मैडम, मेरा आदमी चल नहीं सकता. अठारा दिन भी नहीं बचे. इत्ता-सा संडास है, किसी को क्या तकलीफ है? रहने दो ना. पैर पड़ती हूँ."

आणि त्या खरंच टेबलाला वळसा घालून वाकल्या. मॅडम गडबडीनं उठल्या, त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं. मग एक मोठा कागद टेबलावर पसरला.

"अम्मा, इधर देखिए. ये आपका घर. ये पीछे लाइन देखा? ये गटर का पाइप है. चौदह घर का एक ही पाइप." त्यांचं बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेलं. "आपका लैट्रिन उसके ऊपर बैठा है. कल पाइप बंद हुआ तो खोदेगा कहाँ से? चौदह घर का मैला वापस आएगा. किसी के रसोई में."

भानुमतीबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. कागद वाचता आला नाही तरी चौदा घरं मोजता आली. भांडायला आलेल्या बाईला समोरचीचं खरं पटावं, यासारखी दुसरी पंचाईत नाही. रागावायचं कुणावर?

"और तीस तारीख?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तोड़ के बता दीजिए. दूसरे दिन आदमी भेजूँगी. इतना मैं कर सकती हूँ."

मागचा संडास पाडायला मिस्त्री रामअवतारला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवशी देवघराच्या दारात मात्र तो थबकला.

"अम्मा, यहीं तो हवन हुआ था. परशाद मैंने खाया था. मुझसे नहीं होगा."

"दूसरा मिस्त्री लाऊँ?"

"जो हिंदू है, वो नहीं करेगा. पाप लगेगा."

भानुमतीबाईंनी देव आदल्या संध्याकाळीच कोऱ्या पंच्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवले होते. त्यांनी पदर खोचला. मिस्त्रीच्या थैलीतून छिन्नी आणि हातोडा काढला.

"पाप मेरे नाम पे लिखने को बोलना," त्या म्हणाल्या.

पहिला घाव निसटला आणि बोटावर बसला. दुसरा ओट्याच्या कडेला लागला, चिरका आवाज झाला. रामअवतार बाहेर बिडी ओढत बसला होता. संगमरवर निवडताना बाईंनी तीन दुकानं पालथी घातली होती, हे त्यालाच ठाऊक, कारण डोक्यावरून तो त्यानंच आणला होता. आतले घाव तो ऐकत राहिला. ते थांबत, पुन्हा सुरू होत. मध्ये एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा तो उठून आत गेला. बाई धुळीत बसल्या होत्या, कपाळ भिंतीला टेकवून. ओटा अर्धाच निघाला होता. रामअवतारनं त्यांच्या मुठीतून हातोडा सोडवून घेतला.

दहिया आला तेव्हा सिमेंट ओलं होतं. यावेळी टेपचं टोक अरुणानं धरलं, ताणून. दहा फूट एक इंच. मग त्यानं आतलं दार ढकललं आणि तो क्षणभर घुटमळला.

"माताजी, यहाँ तो आपका..."

"नक्शे में था वैसा है," भानुमतीबाई म्हणाल्या. "लिखो."

अठ्ठावीस तारखेला टेम्पोतून सामान आलं. त्यामागून टॅक्सीतून तात्याराव आले. या घरात ते वास्तुशांतीनंतर पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. अरुणाला वाटलं आई सांगतील, आणि आई सांगू शकल्या नव्हत्या.

तासाभरानं त्यांनी खुणेनं सांगितलं, की संडासला जायचंय. भानुमतीबाईंनी त्यांना उठवलं. आता पायऱ्या नव्हत्या, अंगण नव्हतं. भिंतीला हात लावत, बायकोच्या खांद्यावर भार टाकत ते चालत गेले. सुनेला हाक मारावी लागली नाही. स्वयंपाकघराशेजारचं दार आलं आणि ते थांबले. आधी देवापाशी आणलं म्हणून बायकोकडे पाहून समाधानानं मान हलवली. मग एका हातानं चौकट धरून, डाव्या पायानं उजव्या पायातली चप्पल काढू लागले. तोल जात होता, तरी काढत होते.

भानुमतीबाई खाली वाकल्या. निघालेली चप्पल त्यांनी पुन्हा त्या लुळ्या पायात सरकवली, बोटं नीट बसवली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता घालूनच जायचं."