मयताची थंड पेटी

अमरावतीच्या त्या सभागृहाला हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र मिळवून द्यायचं काम प्राजक्ताकडे आलं तेव्हा मे महिना होता, आणि ती आधीच दमलेली होती. विश्वस्तांना प्रमाणपत्र हवं होतं, पण त्यासाठी काही बदलायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. खरं भांडण गच्चीवरच्या जुन्या एसी प्लांटवरून. त्यात बारा नंबरचा गॅस होता. ओझोनचा थर खाणारा, म्हणून देशात बनायचाही बंद झालेला. तो आहे तोवर प्रमाणपत्र विसरा, एवढी साधी गोष्ट त्यांच्या गळी उतरवताना तिच्या नाकी नऊ आले.

शेवटी प्लांट निघाला. तो काढायला राजापेठेतले अब्दुल सत्तार आले, एसी-फ्रिजचे जुने मिस्त्री. एरवी असा गॅस नळी कापून खुशाल आभाळात सोडून देतात. कोण बघायला येतंय? पण इथे प्राजक्ता भर उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि तिनं तो सगळा सिलिंडरांत भरून घेतला. सील लागलं, तसे सत्तार घुटमळले.

"म्याडम, यातला एक लहान सिलिंडर मले द्या नं."

"कशाला, चाचा?"

"तुमच्याच बार्शीटाकळीची पेटी हाय. मयताची. तिले हाच गॅस लागते, अन् आता बजारात भेटूनच नाई राहिला."

बार्शीटाकळी तिचं गाव, पेटी तिला माहीत होती. शेतीत राम उरला नव्हता, गावातली पोरं पुण्याला नि सुरतेला पांगली होती. कुणी गेलं की पोरगा येईपर्यंत मयत ठेवायचं कसं, तेही वऱ्हाडच्या उन्हात? म्हणून गावातल्या मंडळानं जुन्या डीप फ्रीजरची काचेच्या झाकणाची पेटी करून घेतली होती. ती सत्तारांनीच बनवली होती. गावात माणसं कमी होत चालली, पेटीला मात्र उसंत नव्हती.

"नाही देता येणार. हा गॅस नष्ट करायला जाणार, तसं मी लिहून दिलंय."

"थोडासाच पायजे होता. सांधे जुने झाले, दर उन्हाळ्यात गॅस उडून जाते."

तिला त्यांची कीव आली, आणि स्वतःच्या नियमांचा कंटाळाही. मग तिनंच तोड सुचवली. दुसरा एक गॅस मिळतो, ओझोनला काही करत नाही, त्याच यंत्रात चालतो. "पण स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेतो हं. जवळ आग नको."

"आग कोन आनते? मयताच्या घरी चूल पेटत नाई. तुमच्यात बी नाई अन् आमच्यात बी नाई."

हे अगदी खरं होतं. दोघंही समाधानानं आपापल्या वाटेनं गेले.

प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाले, विश्वस्तांच्या आठ्याही मिटल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी बार्शीटाकळीहून फोन आला. तिचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ पुंजाराम, ऊन लागून गेले होते. त्यांचा मुलगा नितेश सुरतेहून निघाला होता. उद्या सकाळी पोचणार होता.

ती दुपारी पोचली. झळा नकोत म्हणून खिडक्या लावलेल्या, खोली बायकांनी भरलेली. पेटी घरघरत होती, काचेखाली मोठेबाबा झोपल्यासारखे दिसत होते. आणि पेटीच्या उशाशी तेलाचा दिवा तेवत होता. शेजारी उदबत्त्यांचा जुडगा. प्राजक्ताला तो पेट घेणारा गॅस आठवला. तिनं अंगणात येऊन सत्तारांना फोन लावला, पेटीत कुठला गॅस भरलाय ते विचारलं.

"भरला न, तुमी सांगतला तोच. सांध्यायचा मातर भरवसा नाई देत... काहून?"

"चाचा, उशाशी दिवा आहे."

"या अल्ला. आमच्यात नसते, बेटा. ध्यानातच नाई आलं."

त्यांच्यात नसतो. तिच्या घरात तर असतो; आजी गेली तेव्हा तिनंच त्यात तेल घातलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं खिडक्या उघडल्या, उदबत्त्या विझवल्या आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. भावकीतले किसनराव भडकले.

"दिवा हलवाचा नाई! जिवाले वाट दिसाले नोको? पेटी बंद करा."

"मंग आताच उचला लागते," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना मोठीआईकडे वळल्या. मनकर्णाबाई सकाळपासून भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडूनही झालं होतं. त्यांनी प्राजक्तालाच विचारलं, "पेटी बंद केली, त नितेशले बापाचं तोंड दिसन का?"

"नाई दिसनार, मोठीआई. या उन्हात उद्यापर्यंत काई राहात नाई."

मोठीआई उठल्या. भिंतीचा आधार घेत उशाशी गेल्या आणि पदराच्या वाऱ्यानं त्यांनी दिवा मालवला. किसनराव तरातरा निघून गेले. प्राजक्ताला माफी मागायची होती, पण मोठीआईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

सकाळी नितेश आला. खांद्यावरची बॅग न काढताच काचेवर डोकं टेकून रडला. उठताना त्याची नजर उशाकडे गेली.

"माय, दिवा काहून नाई लावला?"

प्राजक्ता पुढे झाली. चूक तिची होती, सांगायला तीच हवी होती. पण मोठीआईंनी तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

"मोटारीले लाईन रातचीच ये. तुह्या बापानं जलमभर अंधारातच वावराले पानी देल्लं," त्या म्हणाल्या. "त्याईले वाट सापडते. तुले भेटाचे राहिले होते फक्त."